लब्रतोंचं मूळ गाव कुठलं

उल्हास पालशेतकरच्या हातात एक आडनाव द्या आणि दोन मिनिटं गप्प बसा. तो तुम्हाला तुमचं गाव सांगेल, गावाशेजारची नदी सांगेल आणि तुमचा खापरपणजा घर सोडून का निघाला असेल तेही सांगेल. ही फुशारकी नाही. रत्नागिरीपासून रास अल खैमापर्यंत आडनावांचा एवढा माहितगार माणूस दुसरा कोणी असेल तर त्याने खुशाल पुढे यावं. शिक्षण म्हणाल तर बारावी, आणि तीही दुसऱ्या खेपेला. पण डोकं असं की एकदा ऐकलेलं नाव त्यातून परत बाहेर पडत नाही.

नोकरी आखातात, अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे एसीचे पत्र्याचे डक्ट बनायचे आणि उल्हास तिथला स्टोअरकीपर. स्टोअरला जाळीची खिडकी होती. स्क्रू न्यायला या, ब्लेड न्यायला या, खिडकीतून आधी प्रश्न यायचा, "नाम छोडो, सरनेम बोलो." एकदा आरवलीकर नावाचे नवे सुपरवायझर आले. म्हणाले, मी डोंबिवलीचा.

"डोंबिवलीला तुम्ही राहता साहेब. आहात आरवलीचे."

"आरवली मी बघितलीही नाही हो."

"तुम्ही नसेल बघितली. पण आरवलीतच राहिला असतात तर आरवलीकर कोण म्हणालं असतं? तिथे सगळेच आरवलीचे. माणूस गाव सोडतो, परक्या गावात जातो, मग तिथले लोक म्हणतात, हा आरवलीकर. आडनाव गाव देत नाही साहेब, परगाव देतं."

हा त्याचा लाडका सिद्धांत. तो त्याला सापडला हलबीमुळे. हलबी म्हणजे वर्कशॉपचा अकाउंटंट, बैरूतचा माणूस. हलब म्हणजे अलेप्पो शहर, एवढं उल्हासने काढून घेतलं, आणि मग विचारलं की बैरूतचा माणूस हलबी कसा? हलबीने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हबीबी, तू इमिग्रेशनवाल्यांपेक्षा जास्त विचारतोस." पण त्याच रात्री त्याने बापाला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खिडकीशी येऊन पणजोबांची खेचरं, साबणाचा धंदा, सगळं सांगत बसला. चहा गार झाला दोघांचा.

स्वतःच्या नावाबद्दल उल्हासला शंकाच नव्हती. "आम्ही पालशेतकर. गुहागर तालुका. सोळा पिढ्या पालशेतात, एक इंच हललो नाही." हे सांगताना त्याची छाती पुढे यायची, पण आत कुठेतरी बारीक काटा टोचायचा. अठ्ठ्याऐंशी साली तो निघाला तेव्हा एसटीच्या थांब्यावर थोरल्या भावाने, सूर्यकांतने, त्याची बॅग टपावर चढवली होती आणि म्हणाला होता, "आपल्या घरात गाव सोडणारा तू पहिला. लक्षात ठेव." थोरला रागावलेला नव्हता. पण उल्हासने ते लक्षात ठेवलं, अकरा वर्षं.

घर अजमानला, एक बेडरूमचं. बायको वासंती शारजातल्या एका इंग्रजी शाळेच्या ऑफिसात होती, म्हणून लेकीला, काव्याला, तिथेच निम्म्या फीमध्ये ॲडमिशन मिळाली. नाहीतर स्टोअरकीपरच्या मुलीने तिथे कुठलं शिकायला. काव्या अकरा वर्षांची, सहावीत, अतिशय हुशार. ही घरचीच हुशारी, बाहेरून आलेली नाही. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

या काव्याला बापाची एक भीती होती. मागच्या वर्षी पालकसभेला उल्हासने मुख्याध्यापिका बाईंना, त्या आयर्लंडच्या, त्यांचं गाव विचारलं. बाई आधी हसल्या आणि मग बोलायला लागल्या. मेंढ्या, दगडी भिंत, आजीची कणगी, वीस मिनिटं. मागे आईबापांची रांग दरवाजाबाहेर गेली. काव्या त्या रांगेच्या कडेला उभी राहून बुटांकडे बघत होती. त्या दिवसापासून शाळेत कुठल्या कार्यक्रमाला बाबा येणार आणि कुठल्या नाही, हे ती ठरवायची. वर्षभरात तिने एकदाही हो म्हटलं नव्हतं.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत वर्गाला प्रोजेक्ट मिळालं. दोघादोघांच्या जोड्या, आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या आडनावाचा शोध घ्यायचा. नाव कुठून निघालं, कसकसं फिरलं, इथे कसं पोचलं. मग बुधवारी हॉलमध्ये सगळ्या पालकांसमोर सांगायचं. काव्याच्या वाट्याला आली एलोदी लब्रतों, फ्रेंच मुलगी. तिचा बाप खोर फक्कानच्या बंदरात क्रेनचा इंजिनियर, आठवडाभर तिकडे. घरी आई, आणि हिवाळ्यापुरते आलेले आजोबा.

उल्हासने हे ऐकलं आणि जेवता जेवता घास तसाच हातात राहिला. देवाने ताट वाढून समोर ठेवावं तसं झालं.

"काव्या, मी जरा त्यांना..."

"नो, बाबा."

"एकच विचारतो."

"तुझं एकच कधीच एक नसतं," काव्या म्हणाली. रागाच्या वेळी तिचं मराठी उत्तम यायचं. "रूल सांगते. यू कॅन कम ऑन वेन्सडे. पण एलोदीच्या घरी यू डोन्ट आस्क एनीबडी एनीथिंग. विचारलंस तर बुधवार खलास."

उल्हासने कबूल केलं. बुधवारची अर्ध्या दिवसाची रजा टाकली, निळा शर्ट इस्त्रीला दिला. लेक पहिल्यांदा एकटी स्टेजवर उभी राहणार होती आणि त्याला ते बघायला मिळणार होतं. एवढ्यासाठी माणूस तोंड शिवून घेईल.

शुक्रवारी संध्याकाळी तो तिला आणायला लब्रतोंच्या घरी गेला. दार एलोदीने उघडलं. "अंकल, कम, पेपे इज कुकिंग." पेपे म्हणजे आजोबा. सत्तरीचे, आडव्या हाडाचे, मनगटं गोदीतल्या माणसाची. ते ओट्याशी उभे राहून तव्यावर काहीतरी घालत होते. उल्हासने डोकावून बघितलं आणि तो जागीच थांबला. पातळ पीठ, पळीने गोल फिरवलेलं, कडा सुटलेल्या, जाळी पडलेली.

"हे तर घावन," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो, म्हणून नियमात बसत होता.

घावनच, फक्त रंग काळपट, पीठ कुठलं तरी वेगळं. वर खारं लोणी. उल्हासने तीन खाल्ली. आजोबा न बोलता वाढत होते, तो न बोलता खात होता. टेबलावर काव्याचा कागद पडला होता, तो त्याने तिरक्या नजरेने वाचून घेतला. 'कुटुंब कुठलं?' याच्यापुढे लिहिलं होतं, ल आव्र. ते फ्रान्सचं मोठं बंदर. 'त्याच्या आधी?' ल आव्र. 'त्याच्याही आधी?' ल आव्र, आणि त्याखाली दोन रेघा. शेजारी काव्याच्या अक्षरात शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकातून उतरवलेलं होतं की लब्रतों म्हणजे ब्रिटनीचा माणूस. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सच्या पश्चिमेचा समुद्राकाठचा मुलूख, खडकाळ, पावसाचा.

"ही सेज इट्स जस्ट अ नेम," काव्या हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. बुधवारी सांगायला तिच्याकडे एक शब्द होता आणि दोन रेघा.

उल्हासने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि लावूनच ठेवला. एलोदी सहज म्हणाली, "ओन्ली पेपे मेक्स दीज. अवर नेबर्स इन ल आव्र, दे कान्ट." उल्हास आणखी पाणी प्यायला. एवढं त्याने आयुष्यात कधी सोसलं नव्हतं.

आणि नेमक्या तेव्हा आजोबांनी उलथणं त्याच्याकडे रोखून विचारलं, "यू. फ्रॉम?"

आता यजमानाने विचारल्यावर उत्तर द्यायचं नाही, हे कुठल्या घरात शिकवलंय? उल्हास उभाच राहिला. "पालशेत, सर. सरनेम पालशेतकर. सिक्स्टीन जनरेशन, सेम व्हिलेज." आणि श्वास न घेता पुढे, "अँड यू सर, ब्रिटनी. व्हिच व्हिलेज?"

"बाबा," काव्या म्हणाली.

"नाँ. ल आव्र," आजोबा म्हणाले.

"नो सर. ब्रिटनीमे सब ब्रिटनीवाले, तिथे कोण कोणाला ब्रिटनीवाला म्हणेल? बाहेर गेलात म्हणून लोकांनी म्हटलं. आणि हे," त्याने तव्याकडे बोट केलं, "हे ल आव्रचं नाही. शेजाऱ्यांना येत नाही. हे तुम्ही कुठून तरी घेऊन आलात."

हिंदी, मराठी, इंग्रजी एकत्र होतं. काव्याने काही सांगितलं नाही, पण एलोदीला त्यातलं जेवढं कळलं तेवढं तिने फ्रेंचमध्ये सांगून टाकलं. आजोबा ऐकत होते. मग त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, फडका घडी करून दांडीवर ठेवला आणि बाल्कनीत जाऊन काचेचं दार लावून घेतलं. तव्यावरचं घावन तसंच करपत राहिलं.

काव्याने दप्तर उचललं.

गाडी निघाली, शारजा मागे पडलं. अजमानचं राउंडअबाउट आलं तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला.

"बाबा, तू म्हणतोस, स्वतःच्या गावात कोणी गावाचं नाव लावत नाही."

"हो बाळा. तेच तर मी त्यांना..."

"मग आपल्याला पालशेतकर कोणी म्हटलं?"

"आपण पालशेतचे म्हणून..."

"यू सेड सिक्स्टीन जनरेशन्स. एक इंच हललो नाही. देन हू सेड पालशेतकर?"

उल्हास राउंडअबाउटमधून बाहेर पडायचं विसरला. एक चक्कर झाली, दुसरी झाली, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत निघून गेला. अकरा वर्षं तो हा सिद्धांत अल क्वोजच्या खिडकीतून सगळ्या जगाला लावत होता. पठाण, मलबारी, लेबनानी, कोणाला सोडलं नव्हतं. स्वतःला लावायचा मात्र राहिला होता.

"मी तुला बुधवारी येऊ देणार नव्हते," काव्या म्हणाली. "आता नवा रूल. आपलं नाव कुठून आलं ते शोध. खरं. सापडलं तर ये."

घरी वासंतीने सगळं ऐकलं, आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, बापावर गेलीय म्हणून मी उगाच नाही घाबरत."

फोनकार्ड आणलं. "पन्नास दिरहॅम," वासंती म्हणाली, "म्हणजे सहाशे रुपये. नीट विचारा." फोन पालशेतला लागला. आता थोरला म्हणजे कोणी साधासुधा माणूस नव्हे. शिक्षण सातवी, पण बर्फाची गाडी बंदरावर आली की आधी सूर्यकांत पालशेतकरच्या दारात थांबते. जत्रेची वर्गणी त्याच्या आकड्यावरून ठरते.

"दादा, एक विचारायचं होतं. आपल्याला पालशेतकर कोणी म्हटलं?"

"कोणी म्हणजे? अख्खा तालुका म्हणतो."

"तसं नाही. पहिल्यांदा कोणी म्हटलं?"

"उल्ह्या, तिकडे ऊन फार आहे का रे? समुद्र झाला तेव्हापासून आपण इथे आहोत."

"इथेच असतो तर नाव कोणी ठेवलं असतं? दादा, तूच सांग, गावात आपल्याशिवाय पालशेतकर कोण लावतं? सगळे सुर्वे, आरेकर, नाटेकर. पालशेतात पालशेतकर आपणच कसे?"

 मग थोरल्याचा आवाज आला, "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाही रे," आणि फोन कट झाला.

लाइन अगदी स्वच्छ होती. मागे वहिनी कोंबड्यांना हाकलत होत्या तेही उल्हासला ऐकू आलं होतं.

शनिवार गेला, रविवार गेला. सूर्यकांतच्या घरी फोन लावावा तर वहिनी म्हणायच्या, बाहेर गेलेत. उल्हास खिडकीत बसायचा पण कोणाला आडनाव विचारेना. लोक स्क्रू घेऊन मुकाट जायला लागले. हलबी तिसऱ्या दिवशी येऊन कपाळाला हात लावून बघून गेला.

सोमवारी संध्याकाळी घरचा फोन वाजला. गावाहून. गावाहून फोन आला म्हणजे कोणीतरी गेलं, म्हणून वासंतीने आधी पदराने तोंड झाकलं. पण आवाज थोरल्याचा होता, बूथवरून, नेहमीपेक्षा दुप्पट मोठा.

"कागद घे. लिहून घे. मी दोनदा सांगणार नाही. सगुणा आत्याकडे जाऊन आलो. एक्याऐंशी वय, पण सगळं लख्ख." थोरल्याने घसा साफ केला. "आपल्या पणजोबांची आई, द्वारकी. नवरा होडीवर गेला तो आला नाही. पदरात चार पोरं. इथे भावकीने घरात घेतलं नाही. तेव्हा ती पोरं घेऊन, दाभोळची खाडी तरीने ओलांडून, हर्णैला गेली. तिथल्या बंदरावर दुसऱ्यांची मासळी खारवायला बसली. बावीस वर्षं. हर्णैचे लोक म्हणायचे, पालशेतकरीण आली, पालशेतकरणीची पोरं आली. पोरं मोठी झाली, पैका गाठीला बांधून परत इथे आली आणि घर बांधलं. नाव तिकडचं घेऊन आली. त्याआधी आपलं आडनाव काय होतं ते आत्यालाही माहीत नाही."

उल्हास लिहीत होता. पेन थांबलं.

"दादा, तुला माहीत होतं?"

"होतं," थोरला म्हणाला. "आत्याने लहानपणीच सांगितलेलं. पण चार लोकांत कशाला सांगायचं, आमचं नाव खाऱ्या मासळीच्या वासातून आलंय म्हणून?" मग त्याचा आवाज चढला, आणि हा आवाज खरा होता. "पण परवापासून विचार करतोय. नवऱ्यामागे, चार पोरं, खाडी ओलांडून एकटी बाई. या गावात दुसऱ्या कुणाच्या खापरपणजीने केलंय हे? आणून दाखव म्हणावं. आता मीच सांगणार. जत्रेत सांगणार."

"सांग दादा."

"आणि उल्ह्या."

"हां?"

"थांब्यावर मी तुला काहीतरी म्हटलं होतं. ते चुकीचं होतं. तू पहिला नव्हेस." आणि लगेच, "बिल फार झालं, ठेवतो."

या वेळी लाइन खरोखर बंद झाली. उल्हास रिसीव्हर धरून तसाच बसला. वासंतीने तो त्याच्या हातातून काढून जागेवर ठेवला.

काव्याने कागद दोनदा वाचला. बापाकडे बघितलं. "द्वारकी," ती म्हणाली. "गुड नेम." मग दप्तरातून स्वतःचा कागद काढला. त्यावर आता रेघा नव्हत्या, मजकूर होता, पानभर, एलोदीने शाळेत सांगितलेला.

आजोबा शुक्रवारी रात्रभर बाल्कनीतच बसले होते आणि शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः एलोदीला हाक मारली होती. ब्रिटनीच्या पश्चिमेला लोकांची आपली वेगळी भाषा, पूर्वेला फ्रेंच. पश्चिमेचा कोणीतरी फार पूर्वी पूर्वेच्या एका गावात येऊन राहिला, तिथल्यांनी त्याला म्हटलं, हा ब्रतों. तिथे कित्येक पिढ्या. मग आजोबांचा बाप ल आव्रच्या गोदीत कोळसा उचलायला आला. तिथे ब्रिटनीकडच्यांना गावंढळ म्हणायचे. आजोबांना शाळेत चिडवायचे, आणि बापाने बजावलं होतं, कोणी विचारलं तर आपण इथलेच. त्यांची आई घावनं करायची ती खिडकी लावून घेऊन, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

म्हणजे नाव मिळालं एका प्रवासात आणि लपवलं गेलं दुसऱ्यात. उल्हासचा सिद्धांत बरोबर होता, फक्त ब्रिटनीच्या आतच कोणी कोणाला ब्रिटनीवाला म्हणेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. हे त्याने अजून मनापासून मान्य केलेलं नाही.

बुधवारी निळा शर्ट घालून तो हॉलमध्ये गेला. पुढच्या रांगेत कोट घातलेले आजोबा बसले होते. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची टोपी उचलली आणि खुर्चीवर थाप मारली. काव्या स्टेजवर उभी राहिली, नकाशावर लाल दोरा लावत गेली, पश्चिमेकडून पूर्वेला, तिथून ल आव्र, तिथून खोर फक्कान. लावून घेतलेल्या खिडकीचं सांगितलं तेव्हा आजोबांनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि परत ठेवला. मग एलोदीची पाळी आली. तिने द्वारकीचं सांगितलं. तिच्या तोंडी पालशेतकरमधला 'र' घशात कुठेतरी खरवडून निघायचा, पण उल्हासला त्या दिवशी त्यात काही वावगं वाटलं नाही.

प्रश्नांची वेळ आली. उल्हासने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. हात वर केला तो आजोबांनी.

"यू," ते काव्याला म्हणाले. "फ्रॉम?"

हॉल हसला. काव्या हसली नाही, ती विचार करत होती. "अजमान," ती म्हणाली. मग म्हणाली, "बट इन अजमान नोबडी विल कॉल मी अजमानकर. व्हेअर आय गो नेक्स्ट, दे विल टेल मी. आय हॅव टु वेट."

आजोबांना एलोदीने ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि उल्हासच्या गुडघ्यावर असा हात मारला की तो दोन दिवस ठणकत होता.

कार्यक्रम संपला, लोक सरबत प्यायला उभे राहिले. उल्हासच्या शेजारी उंच, पांढऱ्या फेट्याचे एक सुदानी गृहस्थ येऊन थांबले, आणि त्यांनी आपलं लांबलचक नाव सांगून हात पुढे केला. उल्हासने हात मिळवला. ओठ उघडले, मिटले, परत उघडले. मग त्याने हॉलच्या पलीकडे लेकीकडे बघितलं.

काव्याने त्याला बघितलं. त्या सुदानी गृहस्थांना बघितलं. एक बोट वर केलं.

"वन, बाबा. फक्त एक."

उल्हासने एकच विचारला. वासंती ऑफिसला कुलूप लावून आली तरी त्याचं उत्तर अजून नाईलच्या काठानेच चाललं होतं.